तुम्ही विचारलंत म्हणून : माझी लेक ‘डॉटर’ कशी झाली?

वाईला गेले की हा प्रश्न ठरलेला. ‘तुझी लेक म्हणे त्या डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशनमध्ये गेली? त्या लढाईशी आपला काय संबंध?’

आपला नाही, तिच्या बाबाचा. अमेरिकेच्या इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाला ज्यांनी हातभार लावला, त्यांच्या वंशातल्या बायकांची ही संस्था. त्याच्या आईकडचा एक पूर्वज पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियात, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या सैन्यात होता. तो लढवय्याच असायला हवा असंही नाही. सैन्याला धान्य पुरवलेल्याचे वंशजही चालतात. फक्त नातं रक्ताचं हवं, दत्तक चालत नाही. संस्था 1890 ची. पुरुषांच्या तशाच संस्थेने बायकांना घेतलं नाही, म्हणून बायकांनी आपली वेगळी काढली.

खरं काम कागदांचं. मधल्या प्रत्येक पिढीचा दुवा पुराव्याने जोडायचा. सासूबाई आणि लेक दोन हिवाळे त्यातच बुडाल्या होत्या. 1836 च्या कायद्याने सैनिकांच्या विधवांना पेन्शन मिळू लागली, तेव्हा लग्नाचा पुरावा म्हणून काहींनी घरच्या बायबलमधलं नोंदींचं पानच फाडून पाठवलं. लेकीच्या त्या पूर्वजाच्या विधवेनेही तेच केलं. त्या पानाची प्रत मी पाहिली. एका मुलीचा जन्म, खाली तिचाच मृत्यू, आणि दोन वर्षांनी जन्मलेल्या बहिणीला पुन्हा तेच नाव.

सगळं कौतुकाचंच आहे असं नाही. याच संस्थेने 1939 मध्ये वॉशिंग्टनचं आपलं सभागृह मारियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला नाकारलं, आणि तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी संस्थेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. लेकीला हे आधी सांगितलं, मगच अर्ज भरू दिला.

मला हेवा वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. इथे वंश लेकींकडूनही चालतो. माझ्या लेकीच्या साखळीत तीन बायका आहेत. आमच्या माहेरच्या जुन्या कुलवृत्तांतात आत्याच्या नावापुढे सासरचं आडनाव, की संपलं. तिच्या मुलांना त्यात जागा नाही. त्या अमेरिकन युद्धाच्याच सुमारास, 1779 मध्ये, वडगावला मराठ्यांनीही इंग्रजांना शरण आणलं होतं. एखाद्या लेकीच्या बाजूने आपलंही कुणी तिथे असेल, पण शोधणार कशात?

अर्जात मात्र मीही आहे. पहिल्याच पिढीत आईचं नाव आणि जन्मस्थळ लागतं. चॅप्टरच्या, म्हणजे संस्थेच्या स्थानिक शाखेच्या रजिस्ट्रार बाईंनी फोनवर विचारलं, ‘तुमचा जन्म कुठला?’

म्हटलं, ‘वाई.’

बाई जरा थांबल्या. मग अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, ‘अहो, फॉर्ममध्ये लिहायचं असतं, म्हणून विचारलं.’