तंजावरचा राजवाडा: एक सकाळ, तीन तिकिटं

तंजावरला येणारे आपले लोक बृहदीश्वर मंदिर नीट बघतात, राजवाड्यात अर्धा तास फिरतात आणि कुंभकोणमच्या वाटेला लागतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की राजवाड्याला अख्खी सकाळ द्या. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी इथे गादी स्थापली आणि १८५५ पर्यंत इथे भोसल्यांचं राज्य होतं. त्याचा माग मंदिरापेक्षा या दालनांत जास्त लागतो.

आवार एकच असलं तरी कलादालन, सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय आणि मराठा दरबार यांचे कारभार वेगळे आणि तिकिटंही वेगळी. फाटकावर काढलेलं तिकीट सगळीकडे चालतं असं समजून लोक पुढे जातात आणि दुसऱ्या दारावरून परत फिरतात. सुटे पैसे जवळ ठेवा. फोटोचा नियमही दालनागणिक बदलतो, तेव्हा दारावर विचारूनच मोबाइल बाहेर काढा. दुपारी साधारण एक ते तीन कलादालन बंद असतं आणि ग्रंथालयाला बुधवारी सुट्टी असते. अकराला पोहोचणाऱ्याची हमखास ओढाताण होते, म्हणून नऊच्या ठोक्याला दारात असावं.

सुरुवात कलादालनापासून करावी. १९५१ साली सुरू झालेल्या या दालनात चोळकालीन कांस्यमूर्ती आहेत. सगळ्या बघायला गेलं की डोळे थकतात आणि शेवटी सगळ्या सारख्याच वाटू लागतात. त्यापेक्षा तिरुवेनकाडूहून आलेल्या वृषभवाहन शिवासमोर वीस मिनिटं थांबा. मूर्ती १०११ सालची. नंदी आता नाही, पण त्याच्यावर रेललेला हात तसाच हवेत आहे आणि कमरेचा बाक त्या न दिसणाऱ्या नंदीचा भार सांगतो. जटा पागोट्यासारख्या गुंडाळल्या आहेत, त्यांत साप आहेत. समोरून पाहून झालं की बाजूला जा, पाठीची रेषा तिथूनच कळते.

मग बाकीच्या मूर्तींची पीठं बघा. त्यांना भोकं किंवा कड्या दिसतील. उत्सवमूर्ती दांड्यांवर, रथावर पक्की बांधून मिरवत, त्यासाठी ही सोय. काहींचे नाकडोळे पुसट झाले आहेत ते शतकानुशतकं अभिषेक झाल्यामुळे, घडवणाऱ्याचा हात कच्चा होता म्हणून नव्हे. लेबलं तमिळ आणि इंग्रजीत आहेत. त्यांवर हे सगळं सापडेलच असं नाही.

याच भागात, मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांच्या दरबारात, दुसऱ्या सरफोजीराजांचा (कारकीर्द १७९८ ते १८३२) संगमरवरी पुतळा आहे. हात जोडलेले, डोक्यावर तिकोनी पगडी. घडवणारा इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन. मुलं बरोबर असतील तर देवमाशाच्या सांगाड्यासाठी मनोऱ्याकडे वळावंच लागेल. मोठ्यांनी तिथे फार वेळ घालवू नये.

दहानंतर सरस्वती महाल. संग्रहालयाची खोली लहान आहे आणि नेमकी तीच घाईत उरकली जाते. ताडपत्रं, तंजावर शैलीची चित्रं, जुने नकाशे. फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रँच्या चित्रांपाशी रेंगाळा: माणसाचा चेहरा आणि त्याच्याशी मिळताजुळता प्राण्याचा चेहरा शेजारी शेजारी. चीनमधल्या शिक्षांची चित्रंही आहेत, लहान मुलांना ती दाखवायची की नाही ते आधी ठरवा. हा संग्रह ज्याने वाढवला तो राजा, म्हणजे पुतळ्यातले तेच दुसरे सरफोजी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन पुस्तकं मागवून त्यांवर सही करत असे. काशीयात्रेत त्याने पोथ्या गोळा केल्या, घाटांची चित्रं काढवून घेतली. नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह ठेवल्या. १८०५ मध्ये देवनागरीचा छापखाना काढला, नाव 'नवविद्याकलानिधी'. मराठी पोथ्याच इथे तीन हजारांच्या वर आहेत आणि मोडी कागद वेगळे. महाराष्ट्रात बसून मराठी वाङ्मयाचा इतिहास सांगताना हे कपाट आपण फार कमी वेळा उघडतो, याचं मला वाईट वाटतं. मूळ हस्तलिखित वाचायचं असेल तर आयत्या वेळी काही होत नाही. विषय लिहून आधी ग्रंथालयाशी पत्रव्यवहार करावा लागतो.

मराठा दरबाराला पंधरा मिनिटं पुरतात. खांब आणि कमानींवरचे रंग पाहावेत.

जेवण करून तासभर थांबा. मंदिर दुपारी बंद होतं आणि चारच्या सुमारास उघडतं. वाटेत शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये जाता येईल. तिथे फ्लॅक्समननेच कोरलेलं शिल्प आहे: मरणशय्येवरचे पाद्री श्वार्ट्झ आणि त्यांना भेटायला आलेले तरुण सरफोजी. सकाळच्या पुतळ्यातले राजे इथे शिष्य म्हणून दिसतात. दार लावलेलं असलं तर आवारात कोणाला तरी विचारा.

मंदिरात गर्दी नंदीकडून सरळ गाभाऱ्याकडे जाते. तुम्ही तटाच्या आतल्या बाजूने नैर्ऋत्य कोपऱ्याकडे चला. तिथे भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरला आहे, १८०३ सालचा, मराठीत आणि देवनागरीत. शब्द सलग कोरलेले आहेत, त्यामुळे पहिली ओळ अडते. आधी ओळखीची नावं शोधा, शहाजी, एकोजी (म्हणजेच व्यंकोजी), मग मागचंपुढचं लागत जातं. दहा ओळी वाचायला अर्धा तास धरा. प्रदोषाचा दिवस मात्र टाळा, कारण त्या संध्याकाळी नंदीच्या अभिषेकाला इतके लोक येतात की त्या कोपऱ्यापर्यंत पोहोचायलाच वेळ जातो.