काठीला टांगलेला अननस

व्हिएतनामचं ठरलं तेव्हा डोक्यात दोनच फोटो होते, एक हनोईच्या गल्लीत खांद्यावर कावड घेऊन चाललेल्या बाईचा आणि दुसरा मेकाँगकडच्या तरंगत्या बाजाराचा. इन्स्टावर इतक्या वेळा बघितलेत की कुठे उभं राहून काढायचे ते पण पाठ होतं. सोबत आई. तिला फोटोबिटोशी काही घेणंदेणं नाही, ती कुठेही गेली तरी भाजी काय भाव आहे तेच बघते.

हनोईत पहिल्याच सकाळी माती खाल्ली. जुन्या शहरात एक केळीवाली दिसली, कावड अगदी आपल्याकडे असते तशीच, बांबूची पट्टी आणि दोन टोकांना टोपल्या, डोक्यावर ती पानांची निमुळती टोपी. मी तिच्यामागे पळत सुटले. या बायका कसल्या स्पीडने चालतात! पट्टी प्रत्येक पावलाला लवते आणि पावलं त्याच तालात पडतात, मध्ये स्कूटर आली तरी ताल मोडत नाही. माझ्याकडे पंधरा फोटो, सगळे पाठीचे. मग दुसरी एक जण आपणहून हसत आली, आईच्या खांद्यावर कावड ठेवली, डोक्यावर टोपी चढवली, "फोटो फोटो" म्हणाली, मी खूश होऊन क्लिक क्लिक, आणि लगेच हातात फळांची पिशवी आणि कॅल्क्युलेटरवर भलामोठा आकडा. मी भडकले. आई म्हणाली, "अगं दे तिला काहीतरी, केवढं जड आहे ते, मला दोन मिनिटं पेलवेना." भाव मात्र तिने अर्ध्यावर आणला, शुद्ध मराठीत, बोटं दाखवून.

दुसऱ्या दिवशी पळापळ बंद. एका कोपऱ्यावर चहा घेऊन बसलो, मागे पिवळी भिंत, आणि सायकलवर फुलं लादून जाणाऱ्या बायका आपोआप समोरून जायला लागल्या. शटर १/३० आणि सायकलसोबत कॅमेरा फिरवत न्यायचा, म्हणजे मागची भिंत पुसट होते आणि फुलं बऱ्यापैकी शार्प येतात. दहातला एक जमतो. बाकी नऊ डिलीट.

पण खरी मजा मेकाँगकडच्या कान्थो शहरात. हो ची मिन्ह सिटीपासून बसने चारेक तास. तिथला काई रांग नावाचा तरंगता बाजार पहाटे भरतो, म्हणून पाचला धक्क्यावरून होडी पकडली, आई शाल गुंडाळून. हा मूळचा होलसेल बाजार. मोठ्या होड्या भोपळे, कलिंगडं, कोबी, अननस भरून येतात आणि नदीतच उभ्या राहतात. प्रत्येक होडीवर एक उंच बांबू आणि त्याला जे विकायचंय त्याचा नमुना टांगलेला. लांबूनच कळतं अननस कुठे, कांदे कुठे. इंजिनांच्या आवाजात ओरडून काय ऐकू येणार! या बांबूला तिकडे बेओ म्हणतात. मला हे इतकं आवडलं की पहिली वीस मिनिटं मी माणसं सोडून फक्त बांबूच काढत होते.

फोटोचं म्हणाल तर पहाटे उजेड कमी, आपली होडी हलतेय, समोरची पण हलतेय, वर कोपर काठावर टेकवलं की इंजिनाची सगळी थरथर कॅमेऱ्यात. आयएसओ (कॅमेरा उजेड किती टिपतो ते) ३२०० करूनही धुरळाच. मग एक छोटी कॉफीवाली होडी आली, बाईने एका हाताने आमच्या होडीचा काठ धरला आणि दुसऱ्या हाताने कॉफी करायला घेतली. आणि एकदम सगळं शांत! कारण आता दोन्ही होड्या एकत्र डुलतात, म्हणजे एकमेकींच्या हिशोबाने जागच्या जागीच. शिवाय सूर्य खाली होता, उजेड टोपीच्या खालून चेहऱ्यावर येत होता. (आठनंतर टोपीखाली नुसता काळोख, मग कितीही महाग लेन्स आणा.) जे काही चांगले फोटो मिळाले ते असे, काहीतरी विकत घेताना. कॉफी घेतली, नूडल्सचं सूप घेतलं (आईने नाही, त्यात डुक्कर असतं), आणि अननस. अननसवालीने देठ धरून फिरवत फिरवत काटे काढले, आईला लॉलीपॉपसारखा हातात दिला. आईचं घासाघीस चालूच.

नावाड्याने एक गंमत सांगितली. कपडे वाळत टांगलेले असतात ते विकायचे नसतात, आणि सूप-कॉफी विकतात ती कुठेच टांगलेली नसते. आणि बांबूला सुकी झावळी लटकत असेल तर होडीच विकायची आहे.

२०१६ मध्ये या बाजाराला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला, पण होड्या कमी होत चालल्यात, रस्ते झाले, पूल झाले, माल ट्रकने जातो. परतताना झावळीवाली एक होडी दिसली. होडीच्या पुढच्या टोकावर रंगवलेले डोळे उडालेले, म्हातारा मालक टपावर बसून चहा पीत होता. मी तीन फोटो काढले, तिन्ही हलले. आई अननस खाता खाता म्हणाली, "विचार तरी, केवढ्याला देतो."