सुटा भाग आणि सोबतचा कागद : आमची वाटचाल

आमची पेढी दुरुस्ती करून देत नाही. घरातले यंत्र ज्यांना स्वतः दुरुस्त करायचे आहे त्यांना योग्य सुटा भाग आणि तो बसवण्याची रीत सांगणारा छापील कागद आम्ही देतो. गिऱ्हाइकाला इतके शिकवले तर कारागिराने खायचे काय, असा प्रश्न सुरुवातीला अनेकांनी विचारला. माझे पहिले भागीदार मोटार वाइंडिंगमधले, म्हणजे मोटारीच्या तारा गुंडाळण्यातले, मुरलेले कारागीर होते. जळलेले आर्मेचर (मोटारीचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) कारागिराकडेच येणार, पण झिजलेल्या कार्बन ब्रशपायी, म्हणजे त्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यापायी, कोणाचा मिक्सर भंगारात जाऊ नये, असे ते ठामपणे सांगत.

कागदांचा मजकूर त्यांचाच. पुष्कळशा मिक्सरच्या कपलरला (मोटार आणि भांडे जोडणाऱ्या भागाला) उलटा आटा असतो आणि नेहमीच्या दिशेने जोर लावला की कपलर तुटतो, हे त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिले. त्यांचा सिरीज लॅम्प आजही आमच्या टेबलावर आहे. दुरुस्त केलेले यंत्र थेट लाइनवर न लावता आधी तंतूच्या दिव्यातून जोडायचे. आत शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण तेजाने पेटतो आणि फ्यूज उडत नाही. मल्टिमीटर प्रत्येकाने जरूर घ्यावा, परंतु इन्सुलेशन खरोखर धरते आहे की नाही हे त्याच्या बॅटरीवर कळत नाही, त्यासाठी जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मेगरच लागतो.

धंदा स्थिरावत असतानाच एका स्पर्धकाने आमचे कागद जसेच्या तसे, शुद्धलेखनासह उचलले आणि सोबत कमी प्रतीचे ब्रश स्वस्तात विकायला सुरुवात केली. कार्बनची प्रत मोटारच्या वेगाला व प्रवाहाला जुळणारी नसेल तर ब्रश लवकर झिजतो, ठिणग्या वाढतात, कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतो त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल भागावर, चरे पडतात आणि कार्बनची पूड पट्ट्यांमधल्या खाचांत साचून शेजारच्या पट्ट्या शॉर्ट होतात. अशा खराब झालेल्या मोटारी घेऊन लोक आमच्याकडे आले, कारण कागद त्यांना आमचा म्हणून ओळखीचा होता. ते ब्रश आमचे नव्हते हे पटवून देण्यात आमची उमेद आणि भांडवल दोन्ही आटत गेले. घाऊक व्यापाऱ्याने उधारी बंद केली आणि पेढीला कुलूप लावण्याची वेळ आली. त्या स्पर्धकाने आजवर एका शब्दाने चूक मान्य केलेली नाही, आणि ही गोष्ट मला अजून सलते.

त्या काळात एक निवृत्त शिक्षिका आमच्या पाठीशी उभ्या राहिल्या. आमचे ब्रश वापरून झिजल्यावर त्यांनी ते जुने ब्रश डबीत जपून ठेवले होते. ते आमच्या टेबलावर मांडून, लांबी कशी सारखी उतरली आहे आणि स्पर्शाचा पृष्ठभाग कसा गुळगुळीत आहे, हे त्या आलेल्या प्रत्येकाला दाखवत. "भाऊ, तुम्ही बोलू नका, वस्तूला बोलू द्या," असे त्या मला म्हणाल्या. शेजारच्या घरांतले नादुरुस्त पंखेही त्या तपासायला घेत, आणि कपॅसिटर बदलताना जुन्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा आधी वहीत उतरवून घेत. इथे सर्वांनाच सांगतो : पंखा मंद फिरतो म्हणून अडीचच्या जागी चारचा कपॅसिटर लावू नये, त्याने वाइंडिंग तापते. व्होल्टेजचा आकडा मूळच्याइतका किंवा त्याहून जास्त चालतो, कमी कधीही नाही. कम्युटेटर साफ करायला बारीक काचकागदच वापरावा. एमरी पेपरचे कण वीजवाहक असू शकतात. आणि मायक्रोवेव्ह उघडूच नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो.

पुढे व्यवसाय सावरला आणि बरीच वर्षे सुरळीत गेली.

आता वेगळी अडचण आहे. अनेक निर्माते वॉशिंग मशीनचे बेअरिंग सुटे न देता संपूर्ण टबच घ्यायला लावतात. युरोपीय संघाने २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग, त्या मॉडेलचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षे पुरवणे बंधनकारक केले, याचा मला मनापासून आनंद झाला. परंतु त्याच नियमात दाराचे सील आणि दाराचे कुलूप सामान्य ग्राहकाला मिळण्याची हमी आहे, तर मोटारचे ब्रश, पंप आणि बेअरिंग यांची हमी केवळ व्यावसायिक दुरुस्तीकारांना आहे. ज्या शिक्षिकेने आमच्यापेक्षा काटेकोरपणे ब्रश बसवले, तिला तो मागण्याचा हक्क का नसावा, हे मला पटत नाही. आमच्याकडे ब्रश मागणाऱ्याला आम्ही व्यवसाय विचारत नाही. यंत्राचा मॉडेल क्रमांक आणि जुन्या ब्रशची जाडी, रुंदी, लांबी एवढेच विचारतो.