अण्णाच्या ‘मूळव्याधी’नंतर माझी तपासणी

आमच्या येळ्ळूरकडे कुणाला संडासवाटे रक्त जायला लागलं की त्याला एकच नाव, मूळव्याध. तिखट बंद कर, ताक पी, सुरण खा. माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, हे सगळं चार महिने केलं. मलम झालं, चूर्ण झालं, बाजारच्या दिवशी कुणी सांगितलेली जडीबुटीही झाली. तपासून मात्र कुणी बघितलं नाही आणि अण्णानंही लाजेनं कुणाला बघू दिलं नाही.

आता मागे वळून बघितलं की सगळं समोरच होतं असं वाटतं. रक्त नुसतं वरून थेंब थेंब पडत नव्हतं, शौचात मिसळलेलं, गडद, सोबत चिकट आव. दिवसातून चारदा जाऊन यायचा, तरी पोट साफ झालं नाही म्हणायचा. आधी त्याची वेळ ठरलेली होती, पहाटे चहाच्या आधी. ती मोडली ती मोडलीच. वैनींनी त्याच्या पट्ट्याला तापवलेल्या खिळ्यानं नवीन भोक पाडलं, मग दुसरं. सुगीत भाताचं पोतं ट्रॉलीत चढवताना तो मध्येच खाली बसला, तेव्हा कुठं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.४. रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी शौच काळं होतं, म्हणून पुढं काळं दिसलं तरी ते गोळीचंच म्हणून आम्ही सोडून दिलं. रक्त कमी का झालंय, हे त्या वेळी कुणी विचारलंच नाही, आम्हीपण नाही.

विचारलं ते बेळगावातल्या डॉक्टरांनी. पन्नाशीतल्या पुरुषाचं रक्त असं आपोआप कमी होत नाही, ते कुठून तरी जातंय, असं म्हणून त्यांनी आतड्याची दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करायला लावली. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला कॅन्सरची गाठ होती. अण्णा तेव्हा ५२ वर्षांचा. ऑपरेशन झालं, जवळच्या दोन ग्रंथींत आजार गेला होता म्हणून सहा महिने केमो. आज तो शेतात जातो. पण ते चार महिने माझ्या मनातून जात नाहीत.

शेवटच्या केमोच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, “भावंडं किती? वयं काय?” रक्ताच्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडं किंवा मुलांत कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या माणसाला झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यात जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करायची. अण्णाचे दहा वजा केले तर बेचाळीस, म्हणजे आम्हा भावंडांना चाळीसच धरायचं. मी चव्वेचाळीस. मला काही म्हणजे काही होत नव्हतं. तरी चार वर्षं उशीर झालाच होता.

घरात कुणाला नसेल तर? अमेरिकेत २०२१ पासून पंचेचाळिसाव्या वर्षी सुरुवात करायला सांगतात. दरवर्षी शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी साधी चाचणी, नाहीतर दहा वर्षांनी एकदा कोलोनोस्कोपी. आपल्याकडे सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढंच तपासतात, आतड्यासाठी कुणी घरी विचारायला येत नाही. आणि डोळ्यांना रक्त दिसतंय तर वय मोजत बसायचंच नाही, मग तिशीतला असो.

तपासणीपेक्षा आदली रात्र अवघड, हे खरं सांगते. सूचनांचा कागद कन्नड आणि इंग्रजीत. माझी शाळा मराठी, पुतण्यानं वाचून मराठीत लिहून दिला. आदल्या दिवशी भाजी, कडधान्य बंद, नंतर नुसतं शहाळं, साखरेचं पाणी, बिनदुधाचा चहा. दोन लिटर पाण्यात कालवलेली पावडर, निम्मी रात्री, निम्मी पहाटे. खारट-गोडूस, लिंबाच्या वासाची. तिसऱ्या पेल्याला मळमळलं, मग घोट घोट घेतली. तळ दिसेल असं पिवळसर पाणी पडायला लागलं की आतडं साफ झालं. यात कंटाळा करू नका, मळ राहिला तर छोटी गाठ त्याखाली लपते.

दवाखान्यात मागून उघडा गाऊन दिला तेव्हा मला रडू आलं. सिस्टर कन्नडमध्ये बोलत होत्या, माझा चेहरा बघून मराठीवर आल्या, “अक्का, चादर घालतो मी, घाबरू नका.” इंजेक्शन दिलं आणि जाग आली तेव्हा सगळं झालं होतं. पोटात थोडा वारा धरला होता, संध्याकाळपर्यंत गेला.

रिपोर्टवर फोटो होता. ओल्या गुलाबी भिंतीवर मसुराएवढा फुगवटा, सहा मिलिमीटर. तारेच्या फासानं तिथंच काढला होता. बायोप्सीत अॅडेनोमा आला, कॅन्सर नव्हे. अशा फुगवट्यातला एखादा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं घेतो, म्हणून तो आधी सापडला तर काढून टाकता येतो, असं डॉक्टरांनी समजावलं. अण्णामुळे मला पाच वर्षांनी पुन्हा बोलावलंय.

धाकटा गोव्यात असतो, एक्केचाळीसचा. फोनवर म्हणतो, “आक्का, मला काय होतंय?” मी म्हटलं, मला तरी काय होत होतं? गणपतीला तो गावी येतोय. विसर्जनानंतरच्या सोमवारचा नंबर लावून ठेवलाय, पावडरही आणून कपाटात ठेवलीय.