कोल्हापूर ते जर्मनी : आयटीआय करून कामाला जाणाऱ्यांसाठी

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या शॉपमधून (कारखान्यातून) जर्मनीला जायचं असेल, तर आधी कळंब्याच्या आयटीआयमधून मिळालेलं प्रमाणपत्र काढून बघा. ट्रेड दोन वर्षांचा आहे का? फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. वेल्डर एकाच वर्षाचा. मार्च २०२४ पासून नोकरी सुरू करून मग तिथेच पात्रतेची मान्यता घेण्याची सोय झाली आहे. तिला किमान दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण, नोकरीचा करार आणि ए२ पातळीची (ए१ नंतरची, प्राथमिक) जर्मन लागते. त्यामुळे दहा वर्षं हात बसलेला वेल्डरही नुसत्या त्या ट्रेडवर इथे अडतो. पोरांना हे पैसे भरल्यावर कळतं, याचं फार वाईट वाटतं.

मान्यता इथूनच घ्यायची असेल, तर कारखान्याच्या ट्रेडचे अर्ज नुरेंबर्गच्या ‘आयएचके फोसा’ या परदेशी पात्रता तपासणाऱ्या संस्थेकडे जातात. फी १०० ते ६०० युरो. कागद पूर्ण पोचले की तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा ठेवता येते. रखडतं ते अपुऱ्या कागदांमुळे. जर्मन प्रशिक्षण बहुतेक ट्रेडमध्ये तीन ते साडेतीन वर्षांचं, आपलं दोनचं. ही दरी अनुभवाच्या दाखल्याने भरून काढता येते, म्हणून दाखल्यावर जीव ओता. ‘सीएनसी ऑपरेटर म्हणून काम केले’ एवढ्याने काही होत नाही. मशीन कोणतं, कंट्रोल फॅनुक की सीमेन्स, धातू कोणता (ग्रे आयर्न, एसजी आयर्न), टॉलरन्स किती, सेटिंग स्वतः करता का, ड्रॉइंग वाचता का, किती महिने, हे सगळं लेटरहेडवर सही-शिक्क्यासह हवं. नोकरी सोडण्याआधीच मागा. नंतर शेठ फोन उचलत नाहीत. आयटीआयकडून विषयवार तासांसह अभ्यासक्रमही घ्या. भाषांतर शपथबद्ध अनुवादकाकडूनच करायचं.

‘जर्मनीसाठी अपॉस्टिल’ (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) म्हणून कुणी पैसे मागितले तर थांबा. भारताच्या अपॉस्टिलला जर्मनीचा आक्षेप आहे, म्हणून तो तिथे चालत नाही. परदेशी नोकरी लावणारा एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला हवा; त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

शिफ्ट सांभाळून ए१, ए२ करायला वर्ष धरा. फिटर असून वेल्डिंग करणाऱ्यांनी १३५ म्हणजे मॅगवर (गॅस आणि वायरचं वेल्डिंग) हात बसवावा. आपल्याकडे रॉडची सवय जास्त, तिथे शॉपमध्ये मॅग जास्त. आयएसओ ९६०६-१ चं (वेल्डरच्या चाचणीचं) प्रमाणपत्र असेल तर दर सहा महिन्यांनी त्यावर पुष्टीची सही लागते. ती चुकली की कागद निकामी.

व्हिसाची फी ७५ युरो. मुंबईची तारीख मिळाली तर रात्रीची महालक्ष्मी सकाळी सीएसएमटीला सोडते. पण जुलै-ऑगस्टची तारीख असेल तर दोन दिवस आधी निघा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ हायवे बंद होता. तारीख हुकली की पुढची कधी मिळेल याचा भरवसा नाही.

करारातला पगार ‘ब्रुटो’ म्हणजे कपातीआधीचा असतो. एकट्या माणसाच्या हातात त्यातले साधारण दोन तृतीयांश येतात. घरी पाठवायचा हिशेब त्यावरच करा. जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे, आणि कुशल कामाच्या करारात त्याच्या आसपासचाच आकडा दिसला तर विचारपूस करा. भाड्यात ‘काल्ट’ म्हणजे नुसती खोली, ‘वार्म’ म्हणजे हीटिंगसह. डिपॉझिट काल्ट भाड्याच्या तिपटीपर्यंत मागतात, तेव्हा तेवढी रक्कम इथूनच बाजूला ठेवा.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला घरमालकाची लेखी पुष्टी लागते. बँक आणि करक्रमांक त्या नोंदणीवर अडून असतात, म्हणून खोली ठरवतानाच पुष्टी देणार का ते विचारा. सेफ्टी शूज बॅगेत भरू नका, ते मालकाने द्यायचे असतात. आपलं ड्रायव्हिंग लायसन्स तिथे सहा महिनेच चालतं. मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. कारखाना गावाबाहेर आणि पहाटेची शिफ्ट असेल, तर खोली बसच्या मार्गावरच बघा.