ताईनं मला अडवलं नाही

आजचा आकडा लिहायला वही उघडली तर आधी रविवारचं पान समोर आलं. ‘दुखणं ६. झोप बरी. ताईला अंगठ्याचं सांगितलं.’

आणि मी तासाभरापूर्वीच ताईला अंगठ्याचं सांगून फोन ठेवला होता. पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं.

सगळं सांगितलं. नागिणीनंतर मागे राहिलेल्या दुखण्यावर चुंबकाचा उपचार करून बघायचा अभ्यास चाललाय, त्यात मी आहे. खुर्चीत बसवतात, कानात बोळे घालतात. दुखणं डावीकडे, म्हणून आठच्या आकड्यासारखी कॉइल, म्हणजे चुंबकासारखं काम करणारं तारेचं वेटोळं, डोक्याच्या उजव्या बाजूला धरतात. टक् झालं की डाव्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. त्यावरून जागा पक्की करतात, मग सेकंदाला दहा टकटक. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या बार्कर नावाच्या शास्त्रज्ञांनी कवटी न उघडता, नुसत्या चुंबकानं असाच हात हलवून दाखवला होता, हेही सांगितलं. ताई म्हणाली, “अगं बाई!”

मला अडवलं का नाही तिनं? “परवाच सांगितलंस की गं,” एवढंच तर म्हणायचं होतं. लहानपणी एक गोष्ट दुसऱ्यांदा काढली की लगेच थांबवायची. आता ऐकून घेते. आईचं शेवटी शेवटी आम्ही दोघी असंच ऐकून घ्यायचो. नको ते.

दुखण्यावरच्या औषधानं, प्रीगॅबालिननं, विसरायला होतं, आणि सतत दुखत असलं की लक्ष लागत नाही, मग लक्षात काय राहणार, असं डॉक्टर म्हणतात. पटतं. दुखण्याशी मी जमवून घेतलंय. शिवण बरगडीला लागली की विस्तव लागल्यासारखं होतं, म्हणून घरात कुर्ता उलटा घालते. पण हे ऐकून घेणं सोसत नाही.

नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू, कण्याशेजारी नसेच्या गाठीत इतकी वर्षं पडून राहिलेला. कांजिण्या आम्हा दोघींना एकदमच आल्या होत्या. आईनं एकाच गादीवर कडुलिंबाचा पाला पसरून निजवलं होतं. मी खाजवू नये म्हणून ताई रात्रभर माझी मनगटं धरून ठेवायची. तिच्या हाताला येणारा पाल्याचा वाससुद्धा आठवतो. रविवार तेवढा गेला.

या अभ्यासात काहींना खोटी कॉइल लावतात. आवाज तोच, आत काही पोचत नाही. मला कोणती लागते ते कळणार नाही, हे वाचून, समजून मी सही केली. त्याचं काही वाटलं नाही. ताईचं “अगं बाई” मात्र खरं होतं की नाही, यात दुपार गेली.

शेवटी फोन केला. “मी हे रविवारी सांगितलं होतं ना?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“रविवारी तुला फार दुखत होतं. अंगठ्यापाशीच थांबलीस. आज पुरतं सांगितलंस, त्या शेफील्डवाल्यासकट. मला ऐकायचं होतं.”

मी पुढे काही विचारलं नाही. “आता मी पुन्हा सांगायला लागले की सांग,” एवढं म्हटलं. “बरं,” म्हणाली.

दुखणं ५. ताईला अंगठ्याचं सांगितलं, दुसऱ्यांदा.