आमची वाटचाल : पुढची दोन चाकं

आमच्या शेडचं भाडं निघतं ते टॅक्सीवाल्यांच्या थकलेल्या हायब्रिड बॅटऱ्यांवर. आधीच सांगून टाकतो, कारण येणाऱ्याची नजर कोपऱ्यातल्या निळ्या पोर्शे बॉक्स्टरवरच जाते आणि त्याला वाटतं, ह्यांचा धंदा स्पोर्ट्स कारचा. दहा-अकरा वर्षांत मागच्या चाकांवर चालणाऱ्या ज्या गाड्यांना आम्ही पुढून विजेचा ड्राइव्ह दिला, त्या मोजून पाच. सहावी सध्या जॅकवर आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात आण्णांचा लेथ होता, तिथेच मोठा झालो. नोकरीनिमित्त मिशिगनला आलो, डेट्रॉइटच्या उत्तरेला गिअरबॉक्सचे भाग बनवणाऱ्या कंपनीत काही वर्षं काढली आणि 2014 मध्ये ती सोडून ही शेड घेतली. बायको हिशेब बघते. तिसरे भागीदार म्हणजे आयुष्यभर ट्रान्समिशन उघडत आलेले एक अमेरिकन आजोबा. त्यांना निवृत्ती मानवली नाही.

कल्पना बर्फातून आली. इथे नोव्हेंबर ते मार्च स्पोर्ट्स कार ताडपत्रीखाली जाते. मागच्या चाकांवर ताकद आणि खाली बर्फ, म्हणजे सिग्नलला गाडी आडवी. इंजिन सीटच्या मागे असलेल्या गाडीत पुढच्या चाकांपर्यंत लोखंडी शाफ्ट नेणं म्हणजे अर्धी गाडी कापणं. विजेला तशी शाफ्ट लागत नाही, केबल कुठूनही वळवता येते. पोर्शेच्या 918 मध्ये, बीएमडब्ल्यूच्या आय8 मध्ये पुढच्या अ‍ॅक्सलला स्वतःची मोटर होती. होंडाने नव्या एनएसएक्सला पुढे दोन दिल्या. आमच्या खिशाला परवडेल असं त्यात काहीच नव्हतं, पण भंगारबाजार परवडत होता.

फोनवर आण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे बैल पुढनं बी आणि मागनं बी? कासरा कुणाच्या हातात?"

हसलो होतो तेव्हा. पुढची सहा वर्षं त्याच प्रश्नात गेली.

2016 मध्ये 2001 ची बॉक्स्टर एस घेतली, 3.2 लिटर, 250 अश्वशक्तीची. ही गाडी आणि पोर्शेचीच त्या काळची 911, दोघींचा पुढचा भाग बराचसा एकच. 911 ची कॅरेरा 4 पुढची चाकंही फिरवते. नुसत्या मागच्या ड्राइव्हच्या गाडीला पुढून ताकद द्यायची तर खरी अडचण मोटरची नसते, चाक ज्यावर बसतं त्या हबची असते, कारण त्यातून शाफ्ट जायला हवी. आम्ही कॅरेरा 4 चे भाग शोधले. मोटर घेतली टोयोटा हायलँडर हायब्रिडची. त्या गाडीत ती मागच्या चाकांना लावलेली असते, 50 किलोवॉट, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांसकट, म्हणजे डिफरन्शियलसकट, एकाच डब्यात. मग एका टोकाला टोयोटाची स्प्लाइन म्हणजे खाचांचं टोक, दुसऱ्या टोकाला पोर्शेचा जॉइंट अशी शाफ्ट करून घेतली. दोन अनोळखी घरांची सोयरीक जुळवण्यासारखंच ते, मापात केसभर फरक असला की खडखडाट. पुढच्या डिकीचा तळ कापला, स्टेपनी गेली. बॉक्स्टरला मागेही डिकी असते म्हणून बरं.

बॅटरीत आम्ही माती खाल्ली. शेवरोले व्होल्टची 16 युनिट वीज मावणारी बॅटरी स्वस्तात मिळाली म्हणून सगळीच बसवली. जवळजवळ 200 किलो! वळणावर गाडी म्हशीसारखी झाली. नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की मोटर एका वेळी दोन-चार सेकंदच ओढते, आणि ब्रेक लावताना गाडीचं वजन पुढे येत असल्यामुळे पुढच्याच चाकांतून वीज भरपूर परतही मिळते. टाकी मोठी कशाला? आता आम्ही दोन-अडीच युनिटच ठेवतो, मात्र एका झटक्यात भरपूर करंट देणारे सेल निवडून.

मार्च 2019 चा तो दिवस अजून अंगावर येतो. आय-75 महामार्गावर ताशी 70 मैलांनी चाललो होतो. मी स्वतः दाबून बसवलेला एक कनेक्टर निसटला आणि बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा इन्व्हर्टर झोपला. कायमचुंबकाची मोटर चाकांना जोडलेली असेल तर वीज दिली नाही तरी फिरतच राहते आणि फिरली की जनित्र होते. वेग वाढला की तिचा व्होल्टेज बॅटरीच्या वर जातो. इन्व्हर्टर जागा असतो तोवर तो तिला दाबून ठेवतो. तो झोपला की वीज त्याच्यातल्या डायोडांतून बॅटरीत घुसते आणि पुढची चाकं कुणी न सांगता ब्रेक लावतात. गाडीने नाक खाली घातलं, मागचा ट्रक हॉर्न वाजवत बाजूने गेला. कुणाला काही झालं नाही. मी मात्र रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन बराच वेळ तसाच बसून होतो.

त्यानंतर वर्षभर एकही ऑर्डर घेतली नाही. मिशिगनमध्ये खासगी गाडीची दरवर्षी तपासणी होत नाही, म्हणजे आम्हाला अडवणारं कुणी नव्हतं. तेच जास्त भीतीचं.

उत्तर आजोबांनी दिलं. इथल्या पिकअप ट्रकांत पुढच्या अ‍ॅक्सलची एकाच बाजूची शाफ्ट सोडवणारा दात्यांचा कॉलर, म्हणजे सरकणारं कडं, असतो. एक बाजू सुटली की डिफरन्शियलचे गिअर आतल्या आत उलटसुलट फिरतात आणि मोटर थांबते. दुसरी बाजू सोडायची गरजच नाही. भंगारातून असले चार कॉलर आणले, आमच्या मापाने नवे दाते कापले. आता ठरावीक वेगाच्या वर, किंवा काहीही बिघडलं तरी, स्प्रिंग कॉलर बाहेर ढकलते. परत जोडताना आधी मोटर फिरवून वेग जुळवायचा, मगच कॉलर आत. ती जुळवणी खटका न लागता होईपर्यंत दोन हिवाळे गेले. पहिलं गिऱ्हाईक 2021 मध्ये.

17 जानेवारी 2023 ला शेवरोलेने कॉर्व्हेट ई-रे दाखवली. मागे 6.2 लिटरचं व्ही8, पुढे 160 अश्वशक्तीची मोटर, दोघांत लोखंडी दुवा नाही, बॅटरी अवघी 1.9 युनिटची. फार वेगात पुढची मोटर सुटते. बायको म्हणाली, "संपलं आपलं." झालं उलटंच. जुनी गाडी जिवापाड जपणाऱ्यांचे फोन वाढले. बॅटरीचा आकडा बघून मला स्वतःला जरा बरं वाटलं, हेही कबूल करतो.

पुण्याचे मित्र विचारतात, हे इकडे का करत नाहीस? पेट्रोल गाडीला हायब्रिड किट लावायचा विचार पुण्याला नवा नाही, तिथल्याच केपीआयटी कंपनीने 2010 मध्येच रेवोलो नावाचं असं किट मांडलं होतं. पण भारतात असल्या किटला एआयएस-123 या वाहन मानकाप्रमाणे मान्यता घ्यावी लागते. वर्षाला एखादी गाडी करणाऱ्या तिघांना तो खर्च झेपणार नाही. नियम मात्र मला योग्यच वाटतो. आय-75 नंतर तर जास्तच.

कॉलर आता उद्यमनगरात होतात, चुलतभावाकडे. पहिल्या बाराच्या खेपेत दोनांच्या दात्यांच्या कडेचा उतार, म्हणजे चॅम्फर, उलट्या बाजूला पडला. ड्रॉइंगमधला बाण मीच उलटा काढला होता. दुरुस्त नग महिनाअखेरीस कुणाच्या तरी बॅगेतून येतील, मग सहावी गाडी जॅकवरून उतरेल. तोवर टॅक्सीवाले आहेतच.